दवंडीचं उत्तर

१० नोव्हेंबर २००२, रविवार

ह्या वहीच्या ओळी इतक्या बारीक मारल्यात की मुंगीनं लिहावं. साठी उलटलेल्या बाईला अशी वही देणाऱ्याला काय म्हणावं? आणि देणारी कोण, तर माझीच नात. भाऊबीजेला हातात ठेवली अन् म्हणाली, "आजी, जे जे बोलावंसं वाटेल ते ह्यात लिही. म्हंजे सगळ्यांना ऐकावं लागणार नाय." हसत म्हणाली, पण म्हणाली. मी दोन ओळींची एक करून लिहिते. वही लवकर संपली तर तिनं दुसरी आणावी.

लिहायला मला तिनंच शिकवलं. देवळात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा स्नेहल शाळकरी होती. वर्गाचे मास्तर चार दिवस आले, मग त्यांना ताप आला तो वर्ग बंद होईपर्यंत उतरला नाय. मग ही पोर ओटीवर बसून माझा हात धरायची अन् 'स' गिरवून घ्यायची. स सकूचा, स स्नेहलचा. हात सैल सोड म्हणायची. मी नांगराची मूठ धरल्यागत पेन्सिल धरायची. अजून तशीच धरते.

आता काल काय झालं ते. मुरबाडकडची माणसं तिला बघायला आलेली. मुलगा कारखान्यात कायम, घरची भातशेती, दात सरळ. हिनं सगळ्यांना पोहे दिले, पाया पडली अन् गोड आवाजात सांगितलं की मला आत्ता लग्न करायचं नाय, मला शिकवायचंय. माणसं पोहे खाऊन गेली. तिचा बाप, माझा शेखर, भिंतीकडं बघत बसला. मंग कुणीतरी बोलायला नको? मी तिला पुण्याच्या एसटीवर सोडायला गेले अन् बोलले. वाईट काय बोलले नाय. शिकून शिकून केस पांढरे करणार का, लोक काय म्हणतील, आजा असता तर काय म्हणाला असता, एवढंच. एसटी येईपर्यंत बोलले. एसटी उशिरा आली, त्याला मी काय करणार.

चढताना म्हणाली, "आजी, प्लीज. प्रीच करू नको." अन् पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली. हात केला नाय.

हा शब्द मला ठाऊक नाय. शिवी असती तर कळली असती. शिव्या मला सगळ्या भाषांतल्या कळतात.

१४ नोव्हेंबर

भात झोडून झालं. पेंढ्याची उडवी रचली. शेखर जेवायला बसला तेव्हा विचारलं, प्रीच म्हंजे काय रे? तो म्हणाला, उपदेश. एवढंच. मग ताटावरून उठता उठता बायकोला विचारलं, "फोनची बॅटरी भरलीय का गो?"

पोरगी रुसून गेली अन् ह्याला बॅटरीची पडलीय. बापावर गेलाय म्हणावं तर तसंही नाय. ह्याचा बाप बोलला की तीन वाड्यांना ऐकू जायचं.

२१ नोव्हेंबर

सापगावला गेलेले. सावळाराम गुरुजी आता रिटायर होऊन ओटीवर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतात. मी म्हटलं, गुरुजी, एका शब्दासाठी आलेय. त्यांना इतका आनंद झाला की चहा मागवला. जाड पुस्तक काढलं, पान थुंकी लावून उलटलं. म्हणाले, "सकूबाई, पाद्री लोक देवळात उभे राहून रविवारी जे सांगतात ना, ते. प्रवचन देणे. धर्माची चार वचनं सांगणे."

मी म्हटलं, मी काय पाद्री आहे?

ते म्हणाले, ते तुमी ठरवा. पण मला सांगा, कोण कुणाला म्हणालं?

मी सांगितलं नाय. चहा पिऊन आले.

वाटेत विचार करत आले. प्रवचनाला तर माणसं मांडी घालून बसतात, बुवाच्या पाया पडतात, नारळ देतात. मंग पोरीचं तोंड असं का झालं होतं, कडू कारलं चावल्यागत? गुरुजींचं पुस्तक अर्धंच असणार. किंवा पोरगी अर्धं बोलली.

१ डिसेंबर, रविवार

आज एक लबाडी पकडली. स्नेहल दर रविवारी फोन करते, पण मी वालाच्या शेतावर असते तेव्हा. सून जया बोलून घेते. मी आले की म्हणते, "आई, आत्ताच ठेवला हो." मी एक रविवार लवकर आले, तर तिनं लवकर केला. मग एक रविवार गेलेच नाय. फोनच्या बाजूला बसून तांदूळ निवडले. निवडून झालेले परत निवडले. फोन आला नाय. गोदूकडं जरा जाऊन आले, तेवढ्यात येऊन गेला.

गोदू माझ्या शेजारची, माझ्याच वयाची. म्हणते, "सकू, त्या डब्याला तुझा वास येतो." तिला म्हटलं, तुझ्या जिभेला हाड नाय. ती म्हणाली, तुझ्या जिभेला आहे ते पुरेसं आहे.

फोनचा डबा खिडकीत ठेवला तरच बोलतो. तारेचा फोन नाय हा, वरून हवेतून येतो. आमच्या घरात रेंज फक्त त्या खिडकीला आहे. बाकी घर मुकं.

८ डिसेंबर, रविवार

जयाचे डोळे लाल होते. चुलीचा धूर म्हणाली. चूल विझलेली होती.

मग सांगितलं. स्नेहलला नोकरी लागली. डेहराडून म्हणून गाव आहे, दूर तिकडं हिमालयाच्या पायाशी. पोरापोरींची राहण्याची मोठी शाळा आहे, तिथं इंग्रजी शिकवणार. जानेवारी सरता सरता जाणार. पुण्याहूनच जाणार. मी विचारलं, म्हंजे जत्रेला? जया म्हणाली, ती काय बोलली नाय.

म्हसा गावची जत्रा आमी दोघींनी एकसुद्धा चुकवलेली नाय. ती कडेवर होती तेव्हापासून. म्हसोबाला नारळ, मग बैलांचा बाजार फिरायचा. मी बैलाचे दात बघते अन् किंमत सांगते, विकत घ्यायचा नसला तरी. ती लाजायची, आजी चल ना म्हणायची. मग घोंगडीवाल्याशी भांडण, मग शेव-जिलेबी, अन् परत येताना ती पाय दुखतात म्हणून रडायची अन् मी म्हणायची, रड, रडल्यानं गाव जवळ येत नाय. मोठी झाल्यावर माझे पाय दुखायला लागले. ती तेच वाक्य मला ऐकवायची.

डेहराडूनला जत्रा असते का कुणाला ठाऊक.

शेखरनं बातमी ऐकली. फोनचा डबा पुसला अन् खिडकीत नीट ठेवला. तो आधीही नीटच होता.

१५ डिसेंबर, रविवार

आज जयाला मी साफ सांगितलं. तिचा फोन आला की विचार, तुझी आजी तो शब्द घेऊन गावभर फिरतेय, त्याचा अर्थ सांग. पुरा सांग, मुळापासून. अर्धा नको. आणि मी शेतावर निघून गेले, म्हंजे फोन येईल.

आला. जया माझी वाट बघत अंगणातच उभी होती. म्हणाली, आई, ती आधी म्हणाली थांब, अन् पैसे जातायत हे विसरून बोलत राहिली. तिनं तो शब्द कॉलेजच्या मोठ्या कोशात आधीच बघून ठेवला होता.

आधीच का बघितला असेल? ती तर इंग्रजीची एम. ए. तिला काय अडलं होतं?

जयाला सांगताना गडबड होत होती, मी सावकाश वदवून घेतलं. लॅटिन म्हणून एक भाषा होती, आपल्या संस्कृतासारखी जुनी. तिच्यातला शब्द फ्रेंच लोकांनी घेतला, वापरून झिजवला. त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला, अजून झिजवला. आपला पाटा झिजतो तसा. मुळात त्याचे दोन तुकडे होते. एक तुकडा म्हंजे 'पुढं', दुसरा म्हंजे 'जाहीर सांगणं'. लोकांच्या पुढं उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर सांगणं. देवाधर्माचं त्यात नव्हतं काय. पाद्र्यांनी तो मागून उचलला, धर्माचं सांगायला. आणि आता लोक त्याचा अर्थ करतात, कुणी न विचारता शिकवत बसणं.

मी म्हटलं, पण मुळात म्हंजे दवंडी.

जया माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "ती पण हेच म्हणाली. म्हणाली, आजीला सांग, आजोबा करायचे ते."

मी आत गेले. पीठ मळायचं होतं. पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून त्यांची थाळी आहे. काशाची, एका बाजूनं ठोकून ठोकून खोलगट झालेली. थाळी बाजूला काढून ठेवली अन् पीठ मळलं. मीठ जास्त झालं.

१६ डिसेंबर

कालच्या गोष्टीवर अजून लिहायचं आहे. नाय लिहिलं तर डोकं भणभणतं.

मी त्यांचं नाव घेत नाय, पण गाव म्हणायचं, कोंडू कोतवाल. दवंडी त्यांच्याकडं. उद्या पाळक आहे, कुणी शेतात जायचं नाय. तलाठी येणार आहे. विहीर उपसायची आहे. थाळी ठोकत सगळा गाव फिरायचे. पण पहिली हाळी आमच्या दारात. मी चुलीपुढं असायची अन् हे अंगणात उभे राहून माझ्याकडं असं ओरडायचे, जसं मला ओळखतच नायत. मी म्हणायची, अहो, आत्ता भाकर खाताना सांगितलं असतं तर? ते म्हणायचे, "घरात सांगितली ती गप. दारात उभं राहून सांगितली ती दवंडी."

त्यांचे नेम होते. निरोपाला मालक पाहिजे, कोतवालाचा स्वतःचा निरोप नसतो. मालकानं दिलं तेवढंच बोलायचं. वर घालायचं नाय, खाली गाळायचं नाय. एकदा गावकीनं सुगीत विहीर बंद ठेवायचं ठरवलं. मी म्हटलं, हा मूर्खपणा आहे, निदान सांगताना तसं सांगा. म्हणाले, "माझं तोंड गावाचं. माझं मत घरात."

आणि उत्तर. ज्याच्यासाठी निरोप असेल त्यानं आपल्या उंबऱ्यात येऊन 'ऐकलं' म्हणायचं. मगच हे पुढं जायचे. एकदा पाण्याच्या पाळीवरून एका घराला निरोप होता. तो बाबा आत लपला अन् बायकोला पाठवलं. ती म्हणाली, ऐकलं. हे हलले नायत. ऊन डोक्यावर. म्हणाले, "वहिनी, तुमी ऐकलंत. त्याचं त्यानं सांगू दे." शेवटी तो आला लुंगी सावरत.

तर स्नेहलबाई, एसटीवर मी जे केलं त्याला दवंडी म्हणता येणार नाय. मालक कोण होता त्या निरोपाचा? कुणीच नाय. इंग्रजांचा झिजलेला अर्थच लागू पडला. हे मी लिहिते, बोलणार नाय.

१९ डिसेंबर

दत्तजयंती. सुंठवडा केला. फार लिहिण्यासारखं काय नाय. फोन नाय. रविवार नव्हताच.

२९ डिसेंबर, रविवार

वालाला शेंगा धरल्या. स्नेहलला वालाची आमटी आवडते, पण शेंग सोलायला आवडत नाय. मी सोलायची, ती बाजूला बसून इंग्रजी वाचून दाखवायची. मला एक अक्षर कळायचं नाय. मी म्हणायची, वाच, थांबलीस की शेंगा थांबतात.

आज एकटीनं सोलल्या. आवाज नसला की शेंगा संपत नायत.

गोदूनं विचारलं, पोरीचं काय ठरलं? मी म्हटलं, जाईल, तिला कोण अडवतंय. गोदू म्हणाली, तुझा आवाज का बसलाय? मी म्हटलं, थंडी.

६ जानेवारी २००३

आज शेखरला धरला. बैलांना पाणी दाखवत होता. मी म्हटलं, निरोप पाहिजे.

कसला?

म्हटलं, शनिवारी जत्रा. मला तुझ्या पोरीला सांगायचंय. पण माझ्या मनाचं सांगायची सोय राहिली नाय, ती त्याला इंग्रजीत नाव ठेवते. घराचा मालक तू. तू सांग, मी ओरडते. तुझ्या बापासारखं. वर घालणार नाय, खाली गाळणार नाय.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाय. बादली खाली ठेवली. बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला, इतका वेळ की बैल वळून बघायला लागला. मग म्हणाला, "जत्रेला ये म्हण."

मी म्हटलं, बरं.

म्हणाला, "आणि मग जा म्हण."

मी म्हटलं, हे दुसरं कशाला? ये म्हटलं की पुरे. आली की बघू.

"आई, दोन्ही सांगायचं. एक सांगितलं तर ती येणार नाय." अन् बादली उचलून गेला.

ह्याला कसं ठाऊक ती का येत नाय? कधी बोलला का तिच्याशी? डबा पुसतो तेवढंच.

१० जानेवारी

दोन शब्द आहेत. ये, अन् मग जा. पहिला मी झोपेत ओरडू शकेन. दुसरा तोंडातून निघत नाय. शेतावर कुणी नसताना म्हणून बघितला. तिथंही निघाला नाय. वाटतं गाळून टाकावा. कोण विचारणार आहे? शेखर भिंतीसारखा, जयाला धाक. पण थाळी त्यांची आहे. ती हातात घेऊन गाळलं तर काय तोंड दाखवू.

थाळी राखेनं घासली. लखलखली. पिठाच्या डब्याला आता परातीचं झाकण.

१२ जानेवारी, रविवार

आज झालं.

मी शेतावर गेले नाय, पण घरातही थांबले नाय. गोठ्यामागं उभी राहिले. गोदू होती बरोबर, तिला घरी जा म्हटलं तर म्हणाली, मी दवंडीला आलेय. फोन वाजला. जयाला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं दोन शब्द बोलून फोनचा कान खिडकीबाहेर धरला.

मी अंगणात आले. आमच्याच दाराकडं तोंड केलं, कारण पहिली हाळी आपल्या दारात. थाळी ठोकली. पहिला ठोका नीट लागला नाय, दुसरा लागला. कावळे उडाले. शेखर ओटीवर येऊन उभा राहिला.

मी ओरडले, "ऐका हो ऐका. कोतवालांचे शेखर ह्यांच्या घरातून कळवण्यात येतंय. त्यांची मुलगी स्नेहल हिनं येत्या शनिवारी म्हशाच्या जत्रेला यावं."

इथं थांबले. इथं माझं सगळं आलं होतं जिभेवर. की वालाच्या शेंगा तयार आहेत. की मुरबाडच्या पोराचं लग्न ठरलं, त्याची काळजी नको. की ह्या पावसाळ्यापासून माझा गुडघा धरतो, पुढच्या जत्रेचं कुणी सांगावं. शेखर माझ्याकडं बघत होता.

मी ओरडले, "आणि मग जावं."

सगळ्या वाडीनं ऐकलं. खालच्या आळीतल्या बायका बाहेर आल्या, कुणाची मयत म्हणून विचारायला लागल्या.

जयानं फोन कानाला लावला. मी विचारलं, ठेवला का तिनं? जयानं मान हलवली, नाय. मग म्हणाली, "आई, ती 'ऐकलं' म्हणते."

मी म्हटलं, "तू ऐकलंस. तिचं तिनं सांगू दे. अन् फोनात म्हटलेलं धरत नाय, उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं. कोतवालाच्या नातीला एवढं ठाऊक पाहिजे."

जयानं ते तसंच तिकडं सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाली? जया म्हणाली, काय नाय, नुसता आवाज येतोय. हसतेय की रडतेय, ह्या डब्यात सारखंच ऐकू येतं.

शेखर खाली आला. माझ्या हातातली थाळी घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली अन् खुंटीला टांगली. त्यांच्या जागी. मग बायकोला म्हणाला, "बॅटरी संपली असेल. लाव."

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केले. बाजूला वेगळे काढून ठेवले, डब्यात, झाकण घट्ट. मुंग्या लागतात म्हणून. दुसरं काय कारण नाय.

१७ जानेवारी, शुक्रवार

उद्या जत्रा. फोन नाय आला. रविवारच नव्हता, पण ती म्हणेल तर कधीही करू शकते.

शेखरनं बैल धुतले. विकायचे नायत, तरी धुतले. जया वालाची आमटी टाकू का विचारते. म्हटलं टाक, आमी काय आमटी खात नाय? शेंगा मी सोलल्या. गोदू येऊन बसली होती. मी तिला म्हटलं, काहीतरी बोलत राहा, शेंगा थांबतात. ती बोलत राहिली.

मुरबाडची पहिली गाडी उजाडल्यावर फाट्यावर येते. तर आता नीट लिहून ठेवते, मग जयाला सगळ्यांना वाचून दाखवायला लावते. गाडीचा आवाज आला तरी शेखरनं फाट्यावर धावायचं नाय. जयानं अंगणात जायचं नाय. गोदूनं कुंपणावरून हाक मारायची नाय. मी चुलीपुढं असेन, तोंड दाराकडं करून बसेन, बोलणार नाय. दरवाजा सकाळपासून उघडा ठेवायचा. उत्तर स्नेहलनंच द्यायचं, उंबऱ्यात उभं राहून, मला ऐकू जाईल असं. दुसऱ्या कुणी 'ऐकलं' म्हणायचं नाय.